किगालीतली ४ जुलैची सुट्टी

प्रश्न: रवांडात येऊन वर्षही झालं नाही. ४ जुलैला मुक्तिदिनाची सुट्टी आहे. घरी कामाला येणाऱ्या मावशींना शुभेच्छा द्याव्यात की गप्प बसावं? त्यात माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने वर्गातल्या मैत्रिणीला ‘तुम्ही हुतू की तुत्सी?’ असं विचारलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उत्तर: ताई, आधी मुलीचं बघू. तिला रागावू नका, पण हा प्रश्न पुन्हा विचारायचा नाही, हे आजच सांगा. हुतू आणि तुत्सी हे इथले दोन समाज. १९९४ मध्ये इथल्या ओळखपत्रावर हुतू की तुत्सी हे छापलेलं असायचं आणि नाक्यानाक्यावर ते कार्ड पाहून माणसाचा जीव घेतला जायचा. ७ एप्रिलपासून शंभरेक दिवसांत आठ ते दहा लाख माणसं मारली गेली. बहुतेक तुत्सी होती. या कत्तलीला विरोध करणारे हुतूही त्यात गेले. आता ओळखपत्रावर तो रकाना नाही. आपल्याकडे मात्र आडनाव ऐकलं की ‘कोणातले?’ हे ओठांवर येतंच, आणि मुलं ते आपल्याकडूनच उचलतात. तेव्हा घरातल्या गप्पांतही कोण कोणातला असेल याचे अंदाज बांधणं बंद करा.

‘इथे शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना मारलं होतं, आणि ४ जुलैला हे शहर त्यातून सुटलं,’ एवढं तिला सध्या पुरे. किगालीतल्या गिसोझी भागात या कत्तलीचं स्मारक आहे, तिथे तिला आत्ताच नेऊ नका, आधी तुम्ही दोघं जाऊन या. तिथे अडीच लाखांहून जास्त लोकांचं दफन आहे. मुलांच्या दालनात लहानग्यांचे फोटो आहेत आणि त्याखाली आवडता खाऊ, आवडतं खेळणं आणि मृत्यू कसा आला, हे लिहिलेलं आहे. मोठ्या माणसालाही ते वाचवत नाही.

मावशींना पगारी सुट्टी द्या आणि ‘तुमच्या देशाला शुभेच्छा’ म्हणा, खुशाल म्हणा. १९९४ मध्ये त्या दिवशी कत्तल करणाऱ्या सरकारशी लढणाऱ्या रवांडन पेट्रिऑटिक फ्रंटच्या सैन्याने किगाली घेतलं, म्हणून तो आनंदाचाच दिवस आहे. पण ‘तेव्हा तुम्ही कुठे होता?’ हे विचारू नका. गावकऱ्यांनीच चालवलेल्या गावोगावच्या गचाचा न्यायालयांत या कत्तलीचे २०१२ पर्यंत वीस लाखांच्या आसपास खटले चालले. कुणाचं माणूस मारलं गेलं आणि कुणाचं तुरुंगात गेलं, हे चेहऱ्यावरून कळत नाही. त्या आपणहून बोलल्या, तर हातातलं काम ठेवून ऐका.

शेजारी ओळखीचे व्हायचे असतील, तर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी उमुगांडाला, म्हणजे इथल्या श्रमदानाला जा. रस्ता झाडणं, गटार साफ करणं, झाडं लावणं, सगळी वस्ती मिळून करते.

खरी काळजी एप्रिलची घ्या. ७ ते १३ एप्रिल हा शोकसप्ताह असतो, तेव्हा गाणंबजावणं आणि पार्ट्या चालत नाहीत. २०२४ मध्ये गुढीपाडवा ९ एप्रिलला होता, आणि २०२७ मध्ये तर तो ७ एप्रिललाच येतो. गुढी उभारा, कडुनिंब-गूळ खा, श्रीखंड-पुरी करा, पण घरच्या घरी. लेझीम, स्पीकर, जमल्यास मंडळाचं जेवणही १४ नंतर ठेवा. हॉल ठरवण्याआधीच मंडळाच्या बैठकीत हा विषय काढा. कुणी म्हणेल, ‘आपला सण आहे, आपण का थांबायचं?’ त्यांना स्पष्ट सांगा, की भिंतीपलीकडच्या घरात त्या दिवशी कुणाचं तरी श्राद्ध असतं.