कृषी सल्ला : चराच्या देखभालीचा पैसा आणायचा कुठून?

शिरोळ, मिरज, वाळवा, पलूस या क्षारपड पट्ट्यातून आलेल्या प्रश्नांचा सूर एकच आहे. निचऱ्यासाठी जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाकून घेतली, दोन-तीन वर्षे ऊस चांगला आला, आता पुन्हा सखल भागात पाणी उभे राहते आणि कडेला मीठ फुटते. काहींनी विचारले आहे, दुकानदार एकरी दोन टन जिप्सम आणि सोबत क्षार कमी करणारी बाटली सांगतो, टाकू का? काहींनी विचारले आहे, गावचा चर, म्हणजे शेतांतले निचऱ्याचे पाणी वाहून नेणारी उघडी नाली, गाळाने भरलाय, तो काढायचा कोणी आणि कोणाच्या पैशाने? हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. दुसऱ्याचे उत्तर मिळाले की पहिला बहुतेक ठिकाणी आपोआप सुटतो.

आधी पाईपच्या तोंडाशी जाऊन बघा. मी अशी शिवारे फिरतो तेव्हा शेतात जायच्या आधी पाईप जिथे सुटते त्या चराकडे किंवा ओढ्याकडे जातो. पाईपचे तोंड पाण्याखाली असते, नाहीतर पानकणसाच्या मुळांनी गच्च बांधलेले असते. जाळी कधीच निघून गेलेली असते आणि आत खेकड्यांनी माती भरलेली असते. वरच्या चेंबरचे, म्हणजे पाईपवरच्या तपासणीच्या हौदाचे झाकण उघडले तर पाणी काठोकाठ. पाण्याची पाळी देऊन दोन दिवस झाले, चेंबर भरलेले आहे आणि तोंडातून धार नाही, तर चोंदलेली जागा त्या दोघांच्या मध्ये आहे. जमीन बिघडलेली नाही, वाट बंद झाली आहे. पाईपचे तोंड ओढ्यातल्या नेहमीच्या पाण्यापेक्षा किमान एक फूट वर मोकळे हवे. ओढा गाळाने वर आला की शेतातली पाईप कितीही चांगली असली तरी उपयोग शून्य. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये कृष्णा-पंचगंगेच्या पुराने जो गाळ आणून टाकला, तो बऱ्याच चरांत अजून तसाच आहे.

आता बाटलीबद्दल. क्षार खाणारा जिवाणू नसतो. मीठ जमिनीतून पाण्याबरोबरच बाहेर जाते, दुसरा रस्ता नाही. ह्युमिक, सल्फरची द्रावणे, ॲसिड, यातले काहीही निचरा बंद असलेल्या रानात ओतले तर पैसे वाया जातात आणि काही वेळा क्षार वाढतात. जिप्सम ही चोपण जमिनीची गरज आहे, म्हणजे सामू (pH) 8.5 च्या वर आणि विनिमययुक्त, म्हणजे मातीच्या कणांना धरून बसलेला सोडियम 15 टक्क्यांच्या वर. नुसती क्षारयुक्त जमीन असेल, सामू 8.5 च्या खाली आणि क्षारता (EC, डेसीसायमन प्रति मीटर) 4 च्या वर, तर तिला जिप्सम लागतच नाही, तिला निचरा आणि गोडे पाणी लागते. दुकानदार माती बघत नाही, तुमची अडचण बघतो. एकरी दोन टन हा आकडा त्याने कुठल्या तपासणीवरून काढला ते विचारा. मात्रा प्रयोगशाळेच्या अहवालावरून ठरते, ती शेजाऱ्याच्या रानावरूनही ठरत नाही. आणि अहवालात जिप्सम आले तरी ते निचरा चालू झाल्यानंतर टाकायचे, वरच्या अर्ध्या फुटात मिसळायचे आणि त्यावर पाणी द्यायचे. चर बंद असताना टाकलेले जिप्सम म्हणजे नुसता खर्च.

देखभाल दरवर्षी का लागते, याचा हिशेब एकदा डोक्यात बसू द्या. उसाच्या एका पाळीला एकरी तीन इंच पाणी धरले तर ते साधारण तीन लाख लिटर होते. विहिरीच्या पाण्याची क्षारता 1 असेल तर लिटरमागे सुमारे 640 मिलिग्रॅम क्षार, म्हणजे एका पाळीत एकरी जवळपास 200 किलो मीठ तुम्ही स्वतः रानात घालता. वर्षात किती पाळ्या होतात ते तुम्हाला माहीत आहे. हे मीठ ज्या वाटेने बाहेर जाते ती वाट एकदा खोदून कायमची उघडी राहत नाही. ब्रिटिश काळात नीरा डाव्या कालव्यावर बारामतीकडे जमिनी अशाच बिघडल्या आणि चर काढावे लागले, तेव्हापासून हा धडा समोर आहे.

म्हणून मी प्रत्येक गावाला एकच सांगतो : चरपट्टी, म्हणजे चर राखायची दरवर्षीची एकरी वर्गणी, सुरू करा. गावात उपसा सिंचन संस्था असेल तर पाणीपट्टीच्या पावतीवरच चरपट्टीची वेगळी ओळ घाला. ज्या पाण्याने मीठ येते त्याच पाण्याच्या हिशेबात ते बाहेर काढायचा खर्च बसतो, आणि वसुलीची सवय आधीच असते. संस्था नसेल तर सभासदांच्या लेखी संमतीने कारखान्याच्या ऊसबिलातून कपात करून घ्या. शिरोळ तालुक्यात श्री दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने क्षारपड सुधारणेचे जे काम झाले, त्यात शेतकऱ्यांनी संस्था करून एकत्र कर्ज उचलले. एकट्या-दुकट्याने पाईप टाकत बसले असते तर ते झाले नसते. टाकायला एकत्र आलात, तसेच राखायलाही एकत्र या.

पट्टी किती, तर अंदाजाने नको. समजा दोन किलोमीटर चर आहे, तळाची रुंदी दोन मीटर, सरासरी एक फूट गाळ. म्हणजे साधारण 1,200 घनमीटर. पोकलेनने ओल्या गाळात तासाला 40 घनमीटर धरले तर 30 तास. तासाचा दर तुमच्या भागातला घाला, समजा 1,400, तर 42,000 रुपये. चेंबरची झाकणे, तोंडाच्या जाळ्या, पाईप पाण्याच्या दाबाने धुणे याला 18,000 धरा. एकूण 60,000. चराखाली 300 एकर येत असेल तर एकरी 200 रुपये. पुराच्या वर्षासाठी वर आणखी 100 ठेवा. ज्या बाटलीबद्दल तुम्ही विचारता तिची किंमत याच्या शेजारी लिहून बघा. पैसे वेगळ्या खात्यात ठेवा, उपशाच्या वीजबिलाच्या खात्यात अजिबात नको. तिथे गेलेला पैसा थकबाकीत जिरतो. दोघांच्या सह्या, आणि वर्षाचा हिशेब चावडीवर.

वरच्या अंगाच्या शेतकऱ्यांनी विचारले आहे, आमचे रान कोरडे आहे, आम्ही का द्यायचे? तुमच्या पाळीचे पाझरलेले पाणी खालच्या रानात उतरते म्हणून द्यायचे. ठिबकवर असाल तर पट्टी कमी द्या, पाटपाण्यावर असाल तर पूर्ण. हा भेद नियमावलीत आधीच लिहून ठेवा, नंतर भांडण नको.

योजनांचे थोडक्यात सांगतो. राष्ट्रीय कृषी विकास योजनेतून समस्याग्रस्त जमीन सुधारणेला साह्य मिळाले आहे. 2005 च्या रोजगार हमी कायद्याच्या कामांच्या यादीत पाणथळ भागातला निचरा होता. तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे चालू वर्षाची चौकशी करा. पण योजनेचा पैसा बहुधा नव्या कामाला येतो. दरवर्षीच्या गाळाला कोणी मंजुरी देईल म्हणून थांबू नका.

गाळ काढण्याची वेळ चुकवू नका, हे पुन्हा सांगतो. गळीत हंगाम संपला, बिले हातात आली की एप्रिलमध्ये सुरुवात, वळवाच्या आधी काम संपले पाहिजे. मशीन रिकामे आहे म्हणून ठेकेदार ऑगस्टमध्ये सांगेल, तर नाही म्हणा. भर पावसात काळ्या मातीचे काठ ढासळतात आणि काढला तेवढा गाळ परत आत येतो. काम खालच्या टोकाकडून वर न्यायचे. वरून सुरुवात केली तर पाणी मध्येच तुंबते. आणि जास्त खोल खोदून घेऊ नका. ठेकेदाराला तासाचे पैसे मिळतात म्हणून तो खोल जातो, मग तळात खड्डे पडतात, पाणी तिथेच साचते, काठ सुटतात. लेव्हल मशीनने उतार मोजल्याशिवाय बकेट लावू देऊ नका. काढलेला गाळ काठावर न ठेवता चार-पाच फूट लांब टाका.

पानकणीस आणि बेशरम मारायला तणनाशक फवारा, असा दुकानदाराचा सल्ला आल्याचे तिघा-चौघांनी कळवले आहे. फवारू नका. ग्लायफोसेट या तणनाशकाच्या वापरावर 2022 मध्ये केंद्राने अधिसूचना काढून बंधन घातले, ते परवानाधारक पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फतच वापरायचे असे त्यात होते. तणावर फरक दिसला नाही की पंपाला दुप्पट औषध टाकले जाते, आणि चराचे पाणी खाली कोणाच्या तरी जनावरांच्या तोंडात जाते. शिवाय तण वाळले तरी मुळांचा गुंता तळात तसाच राहतो, पाणी सुटत नाही. मुळासकट उपटून काढा, बकेटने काढा.

चर मोकळा झाल्यावर पहिल्या पाळीनंतर दोन दिवसांनी पाईपच्या तोंडाचे पाणी बाटलीत धरा आणि क्षारता तपासून घ्या, वहीत तारीख घाला. मे महिन्यात मातीचे नमुने 0 ते 30, 30 ते 60 आणि 60 ते 90 सेंटिमीटर असे तीन थरांचे वेगवेगळे आणा. नुसत्या वरच्या थराच्या नमुन्यावर मी जिप्समची मात्रा सांगणार नाही. मधल्या काळात ज्यांना हिरवळीचे खत घ्यायचे आहे त्यांनी धैंचा पेरावा, क्षार सहन करतो. फुलोऱ्याच्या आधी गाडायचा.