लीड्सला येतोयस, तर कोट नाशिकहून आणू नकोस

तुझे प्रश्न थोडक्यात असे: नोव्हेंबरात तू, बायको आणि तीन वर्षांची लेक नाशिकच्या इंदिरानगरहून इंग्लंडातल्या लीड्सला येताय. तिघांचे जाड कोट, भांडीकुंडी, खेळणी सगळं नाशिकलाच घेऊन टाकावं का? इथल्या ‘चॅरिटी शॉप’मधून, म्हणजे लोकांनी दान केलेल्या वस्तू विकणाऱ्या दुकानातून, वापरलेलं घेतलं तर लोक काय म्हणतील? आणि दोन वर्षांनी कंपनीने परत बोलावलं, तर जमलेलं सामान दान करता येतं का? ‘ताई’ म्हणून सुरुवात केलीस, म्हणून मीही सरळ अरे-तुरे करते. मी पंचवटीची. लीड्समध्ये हे बारावं वर्ष. त्यातली चार वर्षं दर गुरुवारी एका चॅरिटी शॉपच्या मागच्या खोलीत लोकांनी दिलेल्या पिशव्या उपसल्या आहेत, त्यामुळे काउंटरच्या दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत.

कोटांचं आधी. शरणपूर रोडच्या तिबेटियन मार्केटातला स्वेटर चांगलाच असतो, पण तो आपल्या थंडीसाठी. निफाडला पारा पाच-सहावर उतरतो तेव्हाही हवा कोरडी असते आणि दहा वाजेपर्यंत पाठीवर ऊन येतं. इथे नोव्हेंबरात पारा कदाचित त्याहून वरच असेल, पण सोबत भुरभुर पाऊस, आडवा वारा आणि चार वाजता अंधार. मी येताना नाशिकहून दोन जाड जॅकेटं आणली होती, अर्धी बॅग त्यांनीच खाल्ली. पहिल्या पावसात ती गोधडीसारखी पाणी पिऊन बसली आणि तीन दिवस वाळली नाहीत. मग चॅरिटी शॉपमधून १४ पौंडांना टोपीवाला, गुडघ्यापर्यंतचा वॉटरप्रूफ कोट घेतला. तो अजून घालते. तेव्हा विमानात अंगावर घालायला एकेक साधं जॅकेट आण, आणि आल्यावर पहिल्या शनिवारी तिघांनी कोट घ्यायला बाहेर पडा.

आता ‘लोक काय म्हणतील’. इथले लोक काही म्हणत नाहीत. जे म्हणायचं ते माझ्या आईने म्हटलं. व्हिडिओ कॉलवर कोट दाखवला, तर पहिला प्रश्न, “कुणाचा गं?” म्हटलं, माहीत नाही. “म्हणजे ते माणूस आहे की गेलं, तेही माहीत नाही?” नाही, तेही नाही. तुझ्यापासून लपवत नाही: घरातलं माणूस गेल्यावर मुलं कपाट रिकामं करतात आणि बरंच काही दुकानात येतं. आईने कोट मिठाच्या पाण्यात बुडवायला सांगितलं, मी बुडवला. लेबलवर ‘ड्राय क्लीन ओन्ली’ लिहिलेलं नव्हतं हे नशीब.

खरी अडचण अशी की आपल्या घरात जुने कपडे एकाच दिशेला वाहतात. आपल्याकडून बोहारणीकडे, कामवाल्या मावशींकडे, नाहीतर माणुसकीच्या भिंतीवर. उलट दिशेने आपल्याकडे काही आलं, तर मामेभावाचा आखूड झालेला शर्ट, तोही घरातल्या घरात म्हणून. त्यामुळे परक्याचा कोट विकत घेताना हात अडखळतो. माझाही अडखळला होता. पण इथे रांगेत तुझ्या पुढे डॉक्टर असेल, मागे कॉलेजचं पोर. आमच्या ऑफिसातल्या मोठ्या बाई त्यांचे डिनर सेट मिरवून सांगतात, की अमुक दुकानातून सहा पौंडांत आणला. मुख्य म्हणजे घेणाऱ्याला इथे कोणी दान देत नसतं. तू पैसे मोजतोस आणि नफा त्या संस्थेच्या कामाला जातो. कोणाचं काम हृदयरोगाच्या संशोधनाचं, कोणाचं कर्करोगाच्या. आमच्या लीड्समध्ये सेंट जेमाज हॉस्पिसची दुकानं आहेत, त्यातून शेवटच्या आजारातल्या माणसांची शुश्रूषा चालते. ऑक्सफॅम हे नाव तू ऐकलं असशील. दुसऱ्या महायुद्धात ग्रीसमध्ये लोक उपाशी मरत होते, त्यांच्यासाठी १९४२ मध्ये ऑक्सफर्डला ही समिती निघाली आणि १९४७ मध्ये तिथल्याच ब्रॉड स्ट्रीटवर तिने दुकान मांडलं. १९५१ मध्ये बिहारच्या दुष्काळातही तिची मदत आली होती. आईला हे सांगितलं तेव्हा ती जरा निवळली. बायकोचं मन नाहीच झालं, तर कपडे सोडा. भांडी, पुस्तकं, लाकडी सामान घ्या. त्याला कुणाचा विटाळ नसतो.

एका रस्त्यावर अशी पाच-सहा दुकानं कशी तगतात, हे मला सुरुवातीला कोडं होतं. एक तर काउंटरवरची बरीच माणसं बिनपगारी. शिवाय संस्थांना दुकानाच्या स्थानिक करात ८० टक्के सूट असते आणि दान आलेल्या वस्तूंच्या विक्रीवर व्हॅट शून्य.

दुकानात शिरताना खिशात फ्रिजवरचा एक लोहचुंबक ठेव. हसू नकोस. इथल्या काही भाड्याच्या घरांत गॅस नसतो, इंडक्शन असतं, आणि ज्या भांड्याच्या बुडाला चुंबक चिकटत नाही ते इंडक्शनवर तापत नाही. मी आईच्या आग्रहाखातर तांबट आळीतलं पितळी पातेलं आणलं होतं. कल्हई केलेलं, देखणं, सव्वादोन किलोचं. बारा वर्षं त्यात फुलं ठेवतेय. ॲल्युमिनियमच्या कुकरचीही तीच गत. तेव्हा नाशिकहून आणायचं ते इथल्या चॅरिटी शॉपमध्ये कधीच मिळणार नाही तेवढंच: इंडक्शन बुडाचा स्टीलचा कुकर, लोखंडी तवा (तो चालतो), पोळपाट-लाटणं, मिसळणाचा डबा, झारा, किसणी. मिक्सर आणायला हरकत नाही. वीज इथेही २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच आहे, फक्त प्लग बदलावा लागतो. इथला ब्लेंडर फळांचं सरबत करतो, ओल्या खोबऱ्याची चटणी त्याला जमत नाही. ताटल्या, बोल, कप, पेले, सुऱ्या, बेकिंगचे ट्रे, टेबल-लॅम्प मात्र एकही आणू नकोस. कप ५० पेन्सपासून मिळतात.

कपडे घेताना उजेडात ने. लोकरीच्या कपड्यांवर टाचणीएवढी भोकं दिसली की समजायचं कसर लागली आहे. असा एक स्वेटर घरी नेलास तर तो कपाटातले बाकीचेही खाईल. चेन दोनदा वरखाली करून बघ. काखेचं अस्तर बघ. बुटांचा तळ वाकवून बघ, न वापरता पडून राहिलेल्या बुटांचे तळ कधीकधी चुऱ्यासारखे सुटतात. बुटांच्या मापाचा प्रश्न नाही, भारतात चालतात ते यूकेचेच आकडे. विजेची वस्तू असेल तर तपासणीचं स्टिकर बघ. आणि सगळी दुकानं सारखी नसतात: विद्यार्थी वस्तीत स्वस्त आणि चुरगळलेलं, निवृत्त लोकांच्या वस्तीत चांगल्या विणीचं आणि जवळपास न वापरलेलं. बस पकडून थोडं लांब गेलेलं परवडतं. जानेवारीत माल सगळ्यात जास्त असतो, नाताळात मिळालेल्या नावडत्या भेटी तेव्हा बाहेर पडतात.

लेकीसाठी पुस्तकं, लाकडी ठोकळे, पावसाळी बूट सगळं इथेच घे, या वयात सहा महिन्यांत माप बदलतं. एका गोष्टीत मात्र काटकसर करू नकोस: गाडीतली मुलांची सीट नवीच घ्यायची. इथे १२ वर्षांचं होईपर्यंत किंवा १३५ सेंटिमीटर उंची होईपर्यंत, यातलं जे आधी होईल तोवर, ती कायद्याने लागते, आणि जुनी सीट एखाद्या अपघातातून गेलेली आहे का हे वरून कळत नाही. हेल्मेटचंही तसंच. बहुतेक दुकानं या वस्तू घेतच नाहीत. पांघरुणंही नवीच घ्या.

घासाघीस चालत नाही. आई इथे आली तेव्हा, सुरुवातीला दारातच उभी राहणारी ती, तिसऱ्या दिवशी काचेचे सहा वाडगे हातात घेऊन काउंटरवरच्या आजींना मराठीतच म्हणाली, “चारला द्या ना.” बुधवारच्या बाजारात गोदाकाठी आयुष्य गेलेलं, सवय कशी सुटणार? मी भाषांतर करायचं टाळलं. आजींना मात्र सूर कळला असावा, त्यांनी हसून देणगीच्या डब्याकडे बोट दाखवलं, त्यावर हॉस्पिसचा फोटो होता. आईने पाचची नोट दिली आणि सुटे परत घेतले नाहीत. घासाघीस करायचीच असेल तर उन्हाळ्यात रविवारी मैदानावर ‘कार बूट सेल’ लागतात, तिथे लोक गाडीच्या डिकीतून स्वतःचं सामान विकतात. ते दान वगैरे नाही, तिथे बिनधास्त ओढाताण कर.

आता देण्याबद्दल. आपण ‘दान’ म्हणतो तेव्हा बऱ्याचदा मनात ‘आता आपल्याला नको असलेलं’ असतं. बोहारीण फाटकं धोतरही उलटसुलट करून घ्यायची, त्याचं तिला काहीतरी करता यायचं. इथल्या दुकानाला विकण्याजोगी वस्तू लागते. मी मागच्या खोलीत बसायचे तेव्हा एकच कसोटी सांगितली होती: हे तू मैत्रिणीला देशील का? नाही, तर दुसऱ्या ढिगात. त्या ढिगाला ‘रॅग’ म्हणतात, तो किलोवर चिंध्यांच्या व्यापाऱ्याला जातो. त्यातल्या जुन्या लोकरीचा काही भाग जगभर फिरून आपल्या पानिपतलाही पोचतो आणि तिथे पिंजून, कातून त्याची स्वस्त ब्लँकेटं होतात. पानिपत म्हटलं की आपल्याला दुसरंच आठवतं, पण आज ते या धंद्यासाठी जगात ओळखलं जातं. गंमत म्हणजे जुनी लोकर पिंजून नवं कापड विणायची युक्ती इथलीच, लीड्सजवळच्या बॅटलीत बेंजामिन लॉ याने १८१३ मध्ये काढलेली.

पिशवी दिवसा, दुकान उघडं असताना, आत नेऊन द्यायची. पहिल्या वर्षी मी रविवारी रात्री तीन पिशव्या बंद दारापाशी ठेवून आले, फार मोठं पुण्य केल्यासारखी. रात्रभर पाऊस पडला, कुणीतरी पिशव्या उसकटल्या, आणि सकाळी दोन वयस्क बाया फुटपाथवरून माझे ओले सलवार-कमीज गोळा करत होत्या. इथे असं रस्त्यावर सामान टाकल्याबद्दल दंडही होऊ शकतो. पुढे त्याच दुकानात काम करायला गेले ते थोडं या लाजेपोटीच.

देताना ‘गिफ्ट एड’ विचारतील. तू इथे आयकर भरत असलास, तर तुझ्या वस्तूंच्या विक्रीतून आलेल्या दर पौंडामागे सरकार संस्थेला आणखी २५ पेन्स देतं. तुझ्या खिशातून काही जात नाही, फक्त तेवढा कर तू त्या वर्षात भरलेला हवा. इथलं करवर्ष ६ एप्रिलला सुरू होतं. बायको कमावती नसेल तर फॉर्म तुझ्या नावाने भर. एकदा भरला की तुझ्या नंबरचे स्टिकर देतात, ते पिशवीवर लावायचे, आणि वस्तू किती पौंडांना विकल्या हे नंतर ईमेलने कळवतात. माझ्या जुन्या पडद्यांचे ११ पौंड आले होते, मी ते ईमेल अजून जपून ठेवलंय.

परत जाताना सोफा, पलंग, टेबल असेल तर ब्रिटिश हार्ट फाउंडेशनसारख्या संस्था घरी येऊन फुकट नेतात, पण तारीख लवकर मागून ठेव. सोफ्याच्या खाली शिवलेली अग्निसुरक्षेची पट्टी कधीही कापू नकोस. १९८८ च्या नियमांमुळे ती नसेल तर सोफा कितीही चांगला असला तरी दुकानाला विकता येत नाही, आणि मग तो टाकून द्यायला तुलाच पैसे मोजावे लागतील. जुना सोफा घेतानाही ती पट्टी आधी बघ.

साड्या देणार असाल तर सोबत चिठ्ठी लावा. आमच्या दुकानात एकदा काठापदराची निळी साडी मला पडद्यांच्या रॅकवर सापडली, चार पौंड, ‘लांब कापड, १ नग’. मी चिठ्ठी बदलली, किंमत वाढवली, पदर दिसेल अशी काचेत लावली. दोन दिवसांनी गेली. कुणी नेली, बघायला मिळालं नाही.

बाकी कसाऱ्याचा घाट उतरण्याआधी, घरीच काटा लावून बॅगा तोलून घे, विमानतळावर कुकर बाहेर काढायची वेळ येऊ नये. कुकरच्या रिंगा मात्र तीन-चार जास्त आण. इथे मापाची मिळत नाही. त्यातली एक माझी, पाच लिटरची.