मेलेली अळी लाल पडते, दूध ठेवल्यावर गुलाबी होते: तीन प्रश्न, एक जीवाणू

शेतकरी बंधू-भगिनींनो,

अलीकडे आलेल्या तीन प्रश्नांचे मूळ एकच निघाले, म्हणून उत्तरही एकत्र देतो.

रेशीम उत्पादक ताई विचारतात: पाचव्या अवस्थेतल्या अळ्या अचानक खाणे सोडतात, मरतात आणि मेल्यावर अंग लाल पडते, तर अँटिबायोटिक फवारावे का? एक दूध उत्पादक लिहितात: काढताना दूध पांढरे असते, भांड्यात राहिले की कडेने गुलाबी होते, गाईच्या सडातून रक्त येते का? आणि एका तरुण शेतकऱ्याने विचारले आहे: हा लाल जीवाणू किडी मारतो असे संशोधन वाचले, मग लाल पडलेल्या अळ्या कुस्करून, गूळपाण्यात वाढवून पिकावर फवारू का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात माणसाच्या जिवाला धोका आहे. कृपा करून फवारू नका. का ते पुढे सांगतो.

या जीवाणूचे नाव सेराशिया मार्सेसेन्स. माती, पाणी, झाडे, किडींचे पोट, ओलसर फरशी, असा तो सगळीकडे असतो. 1819 साली इटलीत पादुआजवळच्या एका गावात शिजवलेल्या मक्याच्या पिठावर रक्तासारखे डाग उठले आणि लोक घाबरून गेले. बार्तोलोमेओ बिझिओ यांनी तपासून दाखवले की हे रक्त नाही, सूक्ष्म सजीवाचे काम आहे; नावही त्यांनीच ठेवले. हा लाल रंग म्हणजे प्रोडिजिओसिन नावाचे रंगद्रव्य. ते साधारण 25 ते 30 अंश तापमानाला चांगले तयार होते आणि 37 अंशांना जवळपास होतच नाही. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तर पुढचे बरेचसे कोडे आपोआप सुटते.

हा जीवाणू संधीसाधू आहे. धडधाकट शरीरात सहसा त्याचे काही चालत नाही. जखम झाली, अंग अशक्त झाले की शिरतो. अळीच्या पोटात पानाबरोबर गेला तर बहुतेक वेळा निभावते. पण कातडीवरच्या ओरखड्यातून थेट रक्तात गेला, तर थोडेसे जीवाणूही पुरतात आणि एक-दोन दिवसांत खेळ संपतो. अशी मेलेली अळी चिमट्यात धरा: अंग लिबलिबीत झालेले असते, कातडी जरा दाबताच फाटते आणि लालसर पाणी बाहेर येते.

तेव्हा ताई, ओरखडे कुठून येतात ते आधी पाहा. रॅकवर दाटी झाली की अळ्या एकमेकींच्या अंगावरून चढतात आणि नखांनी कातडी ओरबाडतात. त्यात ओला पाला, कोंदट हवा आणि दिवसा-रात्रीच्या तापमानात मोठा फरक असला की अळी आणखी खचते. बेड पसरून जागा वाढवा, ओला पाला घालू नका, तापमान 24-25 अंशांच्या आसपास राखा. मेलेली अळी हाताने नव्हे, चिमट्याने उचला, ब्लीचिंगच्या द्रावणात टाका आणि मग खोल पुरा; कोंबड्यांना घालू नका. बॅच निघाल्यावर रिकामे संगोपनगृह 10 लिटर पाण्यात 200 ग्रॅम ब्लीचिंग पावडर आणि 30 ग्रॅम विरलेला चुना या प्रमाणात फवारून धुऊन काढा. पावडर ताजी हवी; डबा उघडल्यावर नाकाला झोंबत नसेल तर ती निकामी झाली असे समजा.

अँटिबायोटिक मात्र नको. मधमाश्यांवरचा 2017 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. टेट्रासायक्लिन दिलेल्या माश्यांच्या पोटातले उपयोगी जीवाणू घटले आणि त्यानंतर सेराशियाशी गाठ पडताच त्या जास्त मेल्या. रेशीम अळी म्हणजे मधमाशी नव्हे हे खरे, पण राखणदारालाच हाकलून चोराला दार उघडे करण्याची चूक तुमच्या शेडमध्ये होऊ नये.

आता दूध. सडातून रक्त येत असेल तर धार काढतानाच दूध लालसर दिसते, किंवा थोडा वेळ ठेवल्यावर तळाशी लाल थर बसतो. तुमचे दूध नंतर रंगते, म्हणजे जीवाणू बाहेर, गार झालेल्या दुधात वाढतो आहे. चार काचेचे ग्लास उकळून घ्या, एकेका सडाचे थोडे दूध वेगवेगळ्या ग्लासात काढा आणि झाकून एक दिवस ठेवा. चारही पांढरे राहिले आणि नेहमीच्या भांड्यातले रंगले, तर दोष बहुधा भांड्याचा: झाकणाची रबरी रिंग, कडेची खाच, गाळणीचे फडके तपासा. एखादा ग्लास रंगला तर त्या सडाचे दूध प्रयोगशाळेत द्या. न रंगणारे सेराशियाही पुष्कळ असतात आणि गाईच्या अंगात, 38 अंशांवर, रंग तयार होत नाही. म्हणून नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका. दगडी (कासेचा दाह) झाल्याची शंका असेल तर पशुवैद्यकांना दाखवा. सड बुडवायच्या औषधाचा कप रोज रिकामा करून धुवा, उरलेल्यावर नवे ओतू नका. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या दूषित द्रावणातूनच हा जीवाणू कळपभर पसरल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. रंगलेले दूध वासरांनाही पाजू नका.

आणि फवारणी. तुम्ही वाचलेले खोटे नाही. हा जीवाणू कायटिनेज आणि प्रोटिएज ही विकरे सोडतो, किडीच्या कवचातले कायटिन त्यांनी विरघळते, आणि त्यावर प्रयोग चालू आहेत. पण ते निवडलेल्या, तपासलेल्या वाणांवर आणि बंदिस्त प्रयोगशाळेत. 1950 साली अमेरिकी नौदलाने याला निरुपद्रवी समजून सॅन फ्रान्सिस्कोच्या किनाऱ्यावर हवेत फवारले. त्यानंतर तिथल्या एका रुग्णालयात 11 जणांना याचा संसर्ग झालेला आढळला, त्यांतला एक दगावला. फवारणीशी संबंध सिद्ध झाला नाही, पण त्याला निरुपद्रवी मानणे चूक होते हे पुढे स्पष्ट झाले. नवजात बाळ, म्हातारे माणूस, लघवीची नळी लावलेला रुग्ण यांना तो गाठतो, आणि अँपिसिलिन, कोलिस्टिन यांसारखी औषधे त्याच्यावर मुळातच चालत नाहीत. पंप तुमच्या पाठीवर असतो, तुषार तुमच्या श्वासात आणि हाताच्या चिरांत जातो. शिवाय गूळपाण्यात तो एकटाच वाढेल याची काय खात्री?

अळीसाठी जैविक औषधच हवे असेल तर नोंदणीकृत बीटी (अळी मारणारा जीवाणू) किंवा मेटारायझियम (किडी मारणारी बुरशी) घ्या. पीक कोणते, अळी कोणती आणि किती मोठी झाली आहे ते फोटोसह कळवा, मात्रा मी सांगतो. गूळपाणी भिजत घातलेच असेल तर ते ढवळू नका. हातमोजे आणि मास्क घालून त्यात ब्लीचिंगचे द्रावण हळूच ओता, रात्रभर तसेच ठेवा आणि विहिरीपासून, गोठ्यापासून लांब खड्ड्यात पुरून टाका.