जुन्या गिरण्यांची संग्रहालये : वाचकांचे प्रश्न

बंद पडलेल्या गिरण्या, जिन (कापसातून सरकी वेगळी करण्याचे कारखाने) आणि वीजकेंद्रे यांना संग्रहालयाचे किंवा कलाकेंद्राचे रूप देण्याविषयी वाचकांनी पाठविलेल्या पत्रांतील काही प्रश्न येथे घेतले आहेत. पत्र मोठे असेल तेथे त्यातील मुद्दा तेवढा ठेवला आहे.

प्रश्न (लालबाग, मुंबई) : माझे वडील गिरणीत साचेखात्यात (विणकामाच्या खात्यात) होते. लंडनमध्ये वीजकेंद्राचे कलादालन झाले, जर्मनीत कोळशाच्या खाणीचे संग्रहालय झाले. मग गिरणगावात मॉल आणि टॉवरच का उभे राहिले? आपल्याकडे दृष्टी नव्हती, एवढेच कारण समजायचे का?

दृष्टी नव्हती असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. पण खरा फरक जमिनीच्या भावात आणि मालकीत होता. जर्मनीतील एसेन शहरातील त्सोलफेराइन कोळसाखाणीचा बारावा शाफ्ट (खाणीत उतरण्याची उभी विहीर) १९३२ मध्ये सुरू झाला आणि डिसेंबर १९८६ मध्ये बंद पडला. तो बंद पडताच नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्याने ती जागा खाण कंपनीकडून विकत घेतली आणि तिला वारसास्थळ म्हणून संरक्षण दिले. रूर खोऱ्यात त्या काळी खाणी आणि पोलाद कारखाने एकामागून एक बंद होत होते, माती दूषित झालेली होती आणि त्या जमिनीला गिऱ्हाईकच नव्हते. त्यामुळे सरकारला सवडीने काम करता आले. २००१ मध्ये युनेस्कोने या परिसराचा जागतिक वारशात समावेश केला, आणि कोळसा धुण्याच्या अवाढव्य इमारतीत रूर संग्रहालय उघडायला २०१० साल उजाडले. लंडनचे बँकसाइड वीजकेंद्रही १९८१ मध्ये बंद झाले आणि मे २००० मध्ये टेट मॉडर्न या नावाने लोकांसाठी खुले झाले. त्या वेळी टेम्सचा तो दक्षिण काठ शहराचा दुर्लक्षित भाग होता.

मुंबईत परिस्थिती नेमकी उलटी होती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, आणि त्यानंतरच्या दोन दशकांत गिरण्या बंद पडत गेल्या, तेव्हा शहराच्या अगदी मध्यावरची सुमारे ६०० एकर जमीन मोकळी होण्याच्या बेतात होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे ठरविले होते : एक महापालिकेला मोकळ्या व सार्वजनिक जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. १९९६ मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांचा एकत्रित विचारही करून झाला. परंतु २००१ च्या दुरुस्तीने वाटणी होणार ती केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची, असे ठरले, आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध मानली. ज्या वाट्यातून उद्यान, ग्रंथालय किंवा संग्रहालय यांना जागा मिळायची, तो वाटाच आक्रसला. या सगळ्या वादात चटई क्षेत्राचा, म्हणजे किती बांधकाम करता येईल याचा, हिशेब फार झाला. साचेखात्याची शेड उभी राहणार की नाही, हा प्रश्न कोणाच्या अजेंड्यावर क्वचितच आला.

काळाचौकी येथे इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर वस्त्रोद्योग संग्रहालय उभारण्याची महापालिकेची योजना आहे आणि ती टप्प्याटप्प्याने पुढे सरकत आली आहे. ती पूर्णत्वास जावी, असे आम्हालाही वाटते. मात्र गिरणी कामगारांच्या घरांचा प्रश्न रेंगाळत असताना त्यांच्या श्रमाचे संग्रहालय आधी थाटात उघडले, तर आपल्या वडिलांच्या पिढीने त्याकडे कोणत्या नजरेने पाहावे, याचाही विचार योजनाकारांनी केलेला बरा.

प्रश्न (अमरावती जिल्हा) : आमच्या कुटुंबाच्या मालकीचा जुना जिन आणि प्रेस (रुईच्या गाठी बांधण्याचा कारखाना) तीस वर्षांपासून बंद आहे. तेथे तालुक्याचे कापूस संग्रहालय आणि छोटे नाट्यगृह करावे, असे आम्हा भावंडांचे मत आहे. ठेकेदार म्हणतो, आधी आतले भंगार विकून जागा साफ करू, मग आर्किटेक्टला बोलावू. क्रम बरोबर आहे का?

नाही, आणि ठेकेदाराला कृपया आजच थांबवा. ज्याला तो भंगार म्हणतो आहे, तेच तुमच्या संग्रहालयाचे पहिले दालन आहे. छताखालून किंवा जमिनीखालून जाणारा लांब शाफ्ट, त्यावरच्या पुल्या, चामडी पट्टे, रोलर जिनांची रांग, सरकी खाली पडण्याची जागा, प्रेसचा खड्डा, गाठी मोजण्याचा काटा ही सारी साखळी जागच्या जागी असेल, तर कापूस कोणत्या दाराने आत आला आणि गाठ कोणत्या दाराने बाहेर गेली, हे पाहणाऱ्याला फलक न वाचताही समजते. यंत्रे एकदा हलविली की त्यांचा क्रम मोडतो, आणि नंतर ती रंगवून ओट्यावर मांडली तरी तो क्रम परत येत नाही.

म्हणून पहिले काम नोंदीचे. प्रत्येक यंत्राला क्रमांक द्या, ते कोठे उभे आहे ते नकाशावर दाखवा, आणि बिडाच्या पाटीवर कोरलेले निर्मात्याचे नाव व साल उतरवून घ्या. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीची यंत्रे भारतात मोठ्या प्रमाणावर आली होती. तशी पाटी सापडली तर यंत्राचा काळ ठरविणे सोपे जाईल. भिंतीवर खडूने लिहिलेले गाठींचे हिशेब, दाराशेजारची हजेरीची खिडकी, तेलाने काळवंडलेला फरशीचा पट्टा यांचे फोटो चुना लावण्यापूर्वी काढा. हजेरीपट, वजनाच्या पावत्या आणि व्यापाऱ्यांचा पत्रव्यवहार रद्दीत जाऊ देऊ नका. शिवाय जिनावर काम केलेल्या बाया आणि माणसे गावात अजून असतील, त्यांच्याशी आताच बोला. रुईचा फुफाटा नाकातोंडात जाण्याने खोकला कसा जडत असे, हे हजेरीपटात लिहिलेले नसते.

दुसरे काम इमारतीच्या तपासणीचे. जुन्या औद्योगिक बांधकामाचा अनुभव असलेला संरचना अभियंता शोधा. बिडाचे खांब दाबाचे वजन उत्तम पेलतात, पण ताण किंवा धक्का बसला तर वाकण्याऐवजी तडकतात. आणि आगीत तापलेल्या खांबावर पाणी पडले तर तो फुटू शकतो. कैच्यांचे (छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी चौकटींचे) सांधे, भिंतीत टेकलेली लाकडी तुळयांची टोके आणि पन्हळीखालचा भाग येथे गंज व वाळवी सर्वांत आधी लागते. यंत्राचे वजन पेलणारी जमीन माणसांचे वजन सहज पेलेल, असे गृहीत धरू नका, कारण यंत्राचा भार ठरावीक जागी असतो आणि गर्दी कोठेही एकवटते. खुर्च्या पक्क्या बसविलेल्या नाहीत अशा सभास्थानासाठी भारतीय मानकानुसार दर चौरस मीटरला सुमारे ५०० किलो भार धरावा लागतो. सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांत ॲस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता आहे. ते फोडून उतरवायचे नसतात. ओले करून, अखंड, प्रशिक्षित माणसांकडून काढून घ्यायचे असतात.

भिंतींच्या बाबतीत एक चूक सर्रास होते. चुन्यात बांधलेल्या विटांच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला जातो. भिंतीतली ओल बाहेर पडू शकत नाही, ती आतच क्षार साठवते, आणि दोन-चार पावसाळ्यांत लोणा लागून विटाच भुकटी होऊ लागतात. डागडुजी चुन्यानेच करा. दिसायला ती सिमेंटइतकी गुळगुळीत होणार नाही, याची मनाची तयारी ठेवा.

नाट्यगृहाचा विचार असल्यामुळे परवानगीकडे विशेष लक्ष द्या. कारखान्याच्या जागी लोक जमणार म्हटले की इमारतीचा वापर बदलतो आणि अग्निसुरक्षेचे निकषही बदलतात : एकमेकांपासून दूर असलेले दोन तरी मार्ग, बाहेरच्या बाजूला उघडणारी दारे, पाण्याचा साठा. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री लोअर परळच्या कमला मिलच्या आवारात गच्चीवरील उपाहारगृहांना आग लागून १४ जणांचा जीव गेला. गिरणीच्या आवाराचा वापर बदलताना सुटकेचे मार्ग, छपराचे साहित्य आणि परवाने यांची बेपर्वाई केवढी महाग पडते, हे त्यानंतर वेगळे सांगायला नको. तुमच्या जिनाच्या कैच्यांवर, पत्र्यांच्या खाचांत आणि शाफ्टच्या खड्ड्यात जुना कापसाचा कचरा साचलेला असणार. विजेचे नवे काम सुरू करण्यापूर्वी तो पूर्ण काढून घ्या.

प्रश्न (सोलापूर) : गिरणी पाडून चिमणी तेवढी राखली, तर वारसा जपला असे म्हणता येईल का?

आमच्या मते नाही. चिमणी दुरून दिसते, फोटोत चांगली येते आणि बिल्डरच्या जागेतला फारसा भाग अडवत नाही, म्हणून ती राखली जाते. पण बॉयलर, इंजिनघर आणि खाती यांच्यापासून तोडलेली चिमणी कशाचा धूर सोडत होती, हे नव्या पिढीला कळण्याचा मार्ग उरत नाही. निदान इंजिनघर आणि शेडचा एखादा गाळा तिच्यासोबत राहावा, असा आग्रह धरण्यासारखा आहे.

प्रश्न (इचलकरंजी) : संग्रहालयात यंत्रे बंद अवस्थेत ठेवावीत, चालू ठेवावीत, की काढून टाकून जागा चित्रांना आणि नाटकांना द्यावी?

तिन्ही तऱ्हांची उदाहरणे आहेत. टेट मॉडर्नने यंत्रे काढली. टर्बाइनच्या जागी ३५ मीटर उंचीची एकच रिकामी पोकळी राहिली आणि तेथे मोठ्या कलाकृती मांडल्या जाऊ लागल्या. पहिल्याच वर्षी ५० लाखांहून अधिक लोक येऊन गेले. या यशाचे अनुकरण जगभर झाले. पण तेथे वीज कशी तयार होत असे आणि ती कोण करीत असे, हे मात्र टर्बाइनच्या दालनात उभे राहून समजत नाही.

रोममध्ये १९१२ साली सुरू झालेल्या माँतेमार्तिनी वीजकेंद्रात वेगळाच मार्ग निघाला. कॅपिटोलाइन संग्रहालयाच्या दुरुस्तीमुळे तेथील प्राचीन शिल्पे १९९७ मध्ये तात्पुरती या वीजकेंद्रात हलविली आणि काळ्या डिझेल इंजिनांसमोर पांढरे संगमरवरी देव उभे राहिले. ही मांडणी लोकांना इतकी आवडली की ती कायमची झाली. त्सोलफेराइनमध्येही धुलाईची यंत्रे बऱ्याच प्रमाणात जागेवर आहेत. पाहुणा लांबलचक सरकत्या जिन्याने आधी २४ मीटर वर जातो आणि मग मजल्यामजल्याने खाली उतरतो.

इचलकरंजीसारख्या गावाला मात्र आम्ही अमेरिकेतील लोवेलचा दाखला देऊ. तेथील बूट कॉटन मिलच्या विणकाम दालनात जुने यंत्रमाग आजही चालविले जातात, आणि आत शिरताना पाहुण्यांना कानात घालायला बोळे देतात. माग सुरू झाले की शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही आणि पायाखालची लाकडी जमीन थरथरते. साचेखात्यातले कामगार खुणांनी का बोलत आणि उतारवयात त्यांना कमी का ऐकू येई, याचा उलगडा तेथे मिनिटभरात होतो. इचलकरंजीत माग दुरुस्त करणारे जॉबर अजून आहेत, धोटे (शटल) आणि सुटे भाग मिळतात. चार माग चालू ठेवणे तुम्हाला लोवेलपेक्षा स्वस्त पडेल, आणि ही संधी पुढच्या पिढीला मिळेलच असे नाही.

प्रश्न (पुणे) : माझ्याकडे जुन्या साड्या, नमुन्यांची पुस्तके आणि गिरणीची कागदपत्रे आहेत. शेडमध्ये ती टिकतील का?

मोकळ्या शेडमध्ये टिकणार नाहीत. गिरण्यांची छपरे करवतीच्या दात्यांसारखी असत आणि त्यांच्या काचा उत्तरेकडे ठेवीत, म्हणजे थेट ऊन न येता दिवसभर सारखा उजेड मिळे. शिल्पे आणि यंत्रे पाहायला हा उजेड फार सुंदर असतो. परंतु रंगीत कापडासाठी संग्रहालये साधारण ५० लक्सपर्यंतच प्रकाश ठेवतात, आणि उत्तरेचा सौम्य उजेडही त्याच्या कितीतरी पट असतो. शिवाय सूत तुटू नये म्हणून खात्यात हवा दमट ठेवीत. कागदाला आणि कापडाला तीच हवा बुरशी आणते. उपाय असा की शेडच्या आत स्वतंत्र बंद खोली उभारावी, जुन्या भिंतींना न टेकता, आणि तेवढीच वातानुकूलित करावी. वीजबिल आवाक्यात राहते आणि पुढे कधी खोली काढायची झाली तर मूळ इमारतीला ओरखडाही उमटत नाही. तोवर साड्या घड्यांत ठेवू नका. आम्लरहित कागदासह नळीवर गुंडाळा.

प्रश्न (कोल्हापूर) : उद्घाटनानंतर खर्च कोण चालविणार? महापालिका दोन वर्षांत कुलूप लावते, असा अनुभव आहे.

ही शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर इमारतीत नसून रोजच्या वापरात आहे. ब्राझीलमधील साओ पावलो शहरात पिंपे बनविणाऱ्या एका जुन्या कारखान्याचे 'सेस्क पोंपेया' या सांस्कृतिक व क्रीडा केंद्रात रूपांतर वास्तुरचनाकार लीना बो बार्दी यांनी केले आणि ते १९८२ मध्ये खुले झाले. त्या पाहणीला गेल्या तेव्हा ओसाड शेडमध्ये सुटीच्या दिवशी आसपासची कुटुंबे जमत, मुले खेळत. ते थांबवायचे नाही, हेच त्यांनी धोरण ठरविले. म्हणून तेथे ग्रंथालय, नाट्यगृह, कार्यशाळा, स्वस्त भोजनालय आणि नंतर बांधलेल्या मनोऱ्यांत क्रीडांगणे आहेत. हे केंद्र चालविणाऱ्या सेस्क या संस्थेचा खर्च व्यापारी आस्थापनांच्या वेतनखर्चावर बसविलेल्या अनिवार्य वर्गणीतून चालतो, त्यामुळे तिकिटांच्या उत्पन्नावर तिचे पोट अवलंबून नाही.

आपल्याकडे अशी वर्गणी नाही, तेव्हा सुरुवात लहान करावी. कोचीत २०१२ पासून भरू लागलेल्या द्वैवार्षिक कलामहोत्सवासाठी ॲस्पिनवॉल हाउस या जुन्या व्यापारी कंपनीच्या कचेऱ्या आणि गोदामे वापरली गेली. आधी महोत्सव झाला, डामडौल झाला नाही. १९०६ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी स्थापन केलेली शाहू मिल तुमच्या शहरात आहे आणि २०२२ मध्ये त्यांच्या स्मृतिशताब्दीच्या वेळी तिच्या आवारात कार्यक्रम झाले, हे आपण पाहिलेच असेल. असे कार्यक्रम वर्षातून ठरलेल्या महिन्यांत भरवावेत, एक-दोन गाळे शाळांना आणि नाट्यसंस्थांना तालमीसाठी नाममात्र भाड्याने द्यावेत, उपाहारगृहाचे भाडे केवळ देखभालीच्या स्वतंत्र खात्यात जमा व्हावे, आणि छपराची पावसाळ्यापूर्वीची दुरुस्ती त्या खात्यातून आधी व्हावी, असा लेखी करार महापालिकेशी करूनच पुढे जा. करारावर सही होईपर्यंत दगडी कोनशिलेची ऑर्डर देऊ नका.