लेकीला लष्कराची रडार दुरुस्त करायची आहेत

प्रश्न: मी वाशीच्या एपीएमसी मार्केटात माथाडी कामगार आहे, राहायला कोपरखैरण्यात. मुलगी यंदा 71 टक्क्यांनी दहावी झाली. मोकळा वेळ मिळाला की ती मामाच्या टीव्ही-मिक्सर दुरुस्तीच्या दुकानात बसते, बोर्ड उघडून सोल्डरिंगही करते. तिला सैन्याचे रेडिओ, रडार दुरुस्त करणारी मेकॅनिक व्हायचंय. घरचे म्हणतात, अकरावी सायन्स घे, आयटीआय हे मुलींचं काम नाही. तिच्या आईला धास्ती की पोरगी सीमेवर जाईल. ओळखीतला एक जण डॉकयार्डात लावून देतो म्हणतो, पण पैसे मागतो. काय करावं?
— एक पालक, कोपरखैरणे

उत्तर:

दादा, आधी त्या ओळखीच्या माणसाला नाही म्हणून टाका. केंद्र सरकारनं 1 जानेवारी 2016 पासून गट-क पदांच्या भरतीतली मुलाखतच बंद केली आहे. लेखी परीक्षा, गरज असेल तिथे ट्रेडची, म्हणजे हातच्या कामाची चाचणी, मग कागदपत्रं, वैद्यकीय आणि पोलिस पडताळणी, एवढाच रस्ता आहे. यात मधल्या माणसाला जागाच नाही. तो पैसे घेईल आणि मुलगी स्वतःच्या गुणांवर पास झाली तर श्रेयही घेईल. ते पैसे लेकीच्या चांगल्या मल्टीमीटरवर आणि सोल्डरिंग स्टेशनवर खर्च करा.

आता आईच्या काळजीबद्दल. लष्करासाठी इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्त करणारे सगळेच गणवेशात नसतात. नौदलाच्या गोद्या आणि लष्कराची बेस वर्कशॉप यांत हजारो नागरी कर्मचारी काम करतात. सकाळी गेटवर ओळखपत्र दाखवून आत जायचं, संध्याकाळी घरी. मुंबईची नेव्हल डॉकयार्ड तर तुमच्या हार्बर लाइनच्या टोकाला आहे: कोपरखैरण्याहून वाशी, तिथून सीएसएमटी आणि पुढे डॉकयार्डचं लायन गेट. दुरुस्तीनंतर जहाज समुद्रात चाचणीला निघालं तर तंत्रज्ञांनाही कधी कधी सोबत जावं लागतं, पण ते सीमेवर जाणं नव्हे.

गणवेशाची वाट वेगळी आहे आणि मुलींसाठी ती थोडी अरुंदही आहे. लष्करात अग्निवीर म्हणून मुली आज फक्त सैन्य पोलिसांत घेतल्या जातात, म्हणजे लष्कराची दुरुस्ती सांभाळणाऱ्या ईएमई कोअरमध्ये तिला जवान म्हणून जाता येणार नाही. हवाई दलात अग्निवीरवायू होता येतं. त्यासाठी गणित, भौतिकशास्त्र, इंग्रजी घेऊन बारावी किंवा इलेक्ट्रॉनिक्ससारख्या शाखेचा तीन वर्षांचा डिप्लोमा लागतो, एकूण 50 टक्के आणि इंग्रजीतही 50. नोकरी चार वर्षांची आणि पुढे कायम होणारे जास्तीत जास्त 25 टक्के. निर्णय घेण्याआधी घरच्या सगळ्यांनी हा आकडा नीट समजून घ्यावा.

म्हणून तिला एकच विचारा: गणवेश हवाय की यंत्र? मामाच्या दुकानात आपणहून बसणारी पोर बहुधा यंत्र म्हणेल. तसं असेल तर माझं मत स्पष्ट आहे. दहावीनंतर आयटीआयचा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक हा दोन वर्षांचा ट्रेड घ्या. तुम्हाला ठाण्याची वागळे इस्टेटमधली शासकीय आयटीआय ट्रान्स-हार्बरनं सोयीची पडेल. ऑनलाइन प्रवेशाच्या वेळी कोणत्या संस्थेत हा ट्रेड आहे ते पाहा आणि तो एनसीव्हीटीशी (राष्ट्रीय व्यवसाय प्रशिक्षण परिषद) संलग्न आहे याची खात्री करा, कारण संरक्षण खात्याच्या जाहिरातींत मान्यताप्राप्त प्रमाणपत्र मागतात.

आयटीआयनंतर डॉकयार्डची अप्रेंटिसशिप. डॉकयार्डच्या अप्रेंटिस स्कूलसाठी दरवर्षी इतर ट्रेडबरोबर इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकच्याही जागा निघतात. अलीकडच्या जाहिरातींत दहावीला किमान 50 आणि आयटीआयला किमान 65 टक्के मागितले होते, शिवाय लेखी परीक्षा. बरीच मुलं त्या 65 वर अडकतात. "आयटीआय काय, पास झालं की बास" असं समजून पहिलं वर्ष वाया घालवतात. तुमच्या लेकीनं पहिल्या दिवसापासून 75 चं लक्ष्य ठेवावं.

अप्रेंटिसशिप म्हणजे नोकरीची हमी नव्हे, हे तुम्हाला आधीच सांगायला हवं. कायम भरती वेगळी निघते आणि ती दरवर्षी ठरलेल्या वेळी निघेलच असं नाही. ट्रेड्समन स्किल्ड (कुशल कारागीर) या पदाचा मूळ पगार सातव्या वेतन आयोगाप्रमाणे 19,900 पासून, वर महागाई आणि घरभाडे भत्ता. ईएमईच्या वर्कशॉपमध्ये टेलिकॉम मेकॅनिकसारख्या पदांना 25,500 पासून सुरुवात आहे, पण त्या नोकऱ्या आग्रा, मेरठ, जबलपूर अशा गावी असू शकतात. घर सोडायची तयारी आहे का, हे तिलाच ठरवू द्या.

मधल्या काळात हात रिकामे राहायला नकोत. संरक्षण खात्याची भारत इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड ही कंपनी तळोज्यात आहे. महापे-रबाळे पट्ट्यात कारखाने आहेत, हॉस्पिटलांची यंत्रं दुरुस्त करणारे आहेत, रेल्वे आणि मेट्रोचं सिग्नल खातं आहे. हा ट्रेड शिकलेल्या मुलीसाठी लष्कर हे एकच गिऱ्हाईक नाही.

आता त्या कामाबद्दल, कारण तिला खरी ओढ त्याचीच आहे. मामाच्या दुकानात टीव्ही चालू झाला की काम संपतं. इथे चालू होणं ही सुरुवात असते. जहाजावरचा संच खाऱ्या हवेत, उकाड्यात आणि इंजिनाच्या हादऱ्यांत चोवीस तास चालतो. मिठानं कनेक्टरच्या पिना गंजतात. हादऱ्यांनी सोल्डरच्या सांध्याला केसाएवढी भेग पडते आणि मग फॉल्ट कधी दिसतो, कधी गायब होतो. असा लपंडाव खेळणारा फॉल्ट शोधणं हेच या कामातलं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात सुंदर कौशल्य आहे. आधी पूर्ण यंत्रणेतलं कोणतं युनिट बिघडलं ते काढायचं, मग त्यातलं कार्ड, मग कार्डावरचा पार्ट. मल्टीमीटर, ऑसिलोस्कोप, सर्किट डायग्राम आणि धीर.

लष्करी बोर्डावर ओल आणि धूळ यांपासून संरक्षण म्हणून पारदर्शक लेप असतो. आधी तो नेमक्या जागेवरून काढायचा, मग सोल्डरिंग, साफसफाई, तपासणी आणि पुन्हा लेप. हाताशी आहे तो पार्ट बसवून वेळ मारून नेता येत नाही. मंजूर पार्टच लागतो आणि केलेल्या कामाची नोंद करून सही करावी लागते. ही उपकरणं ज्या जेएसएस 55555 या मानकाप्रमाणे तपासतात, त्यात उष्णता, थंडी, दमटपणा, खारं धुकं, हादरे असं सगळं येतं. दुरुस्तीनंतरही संच तितकाच टिकाऊ राहायला हवा, कारण समुद्रात मधेच तो बंद पडला तर जहाजावरच्या माणसांना दुसरं दुकान नसतं.

धोकाही आहे. रडारच्या ट्रान्समीटरमध्ये हजारो व्होल्ट असतात आणि स्विच बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये प्राण घेण्याइतका भार उरू शकतो. तो डिस्चार्ज केल्याशिवाय हात लावायचा नाही, ही सवय मामानं जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर आजच लावावी. डोळ्यांच्या डॉक्टरकडे रंग ओळखण्याची तपासणीही एकदा करून घ्या, कारण वायरचे आणि रेझिस्टरचे रंग वाचता यावे लागतात. आणि कामाबद्दल फोनवर, सोशल मीडियावर अवाक्षर काढायचं नाही, फोटो तर नाहीच. मैत्रिणींनाही काही सांगता न येणं तरुण पोरीला जड जातं, त्याची कल्पना तिला आधीच द्या.

आयटीआय मुलींचं काम नाही म्हणणाऱ्या नातेवाइकांशी वाद घालत बसू नका. दोन वर्षांचा आयटीआय केल्यावर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो आणि डिप्लोमावर पुढे चार्जमन, म्हणजे कारागिरांवर देखरेख करणाऱ्या पदाची परीक्षा देता येते, मूळ पगार 35,400 पासून. म्हणजे शिक्षण थांबत नाही. सायन्समध्ये मन नसताना दोन वर्षं क्लासची फी भरण्यापेक्षा हे तिच्या स्वभावाला धरून आहे. फक्त तिनं ठामपणे गणवेश म्हटलं, तर आयटीआयऐवजी दहावीनंतर थेट इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा घ्या, तीन वर्षांनी हवाई दल आणि चार्जमन दोन्हींसाठी अर्ज करता येतील. हवाई दलासाठी वयाची अट काटेकोर असते, मधे वर्ष वाया जाऊ देऊ नका.

दहावीची गुणपत्रिका, अधिवास दाखला आणि लागू असेल तर जातीचा दाखला आत्ताच काढून ठेवा. तिला एक वही द्या: दुकानात आलेला संच, तक्रार काय, कुठे किती व्होल्टेज मिळालं, काय बदललं. रोजचं एक पान पुरे. प्रवेशाची पहिली यादी लागली की मला कळवा. वागळे इस्टेटला नंबर नाही लागला तर जवळच्या दुसऱ्या संस्था कोणत्या, ते तेव्हा बघू.