ओव्हन न वापरता घरी सीरियल बार कसे करायचे? माझे एकतर भुगा होतात, नाहीतर हाताला चिकटतात

तुम्ही म्हापशाला राहता, मुलीच्या मधल्या सुटीच्या डब्यासाठी बार हवेत आणि उन्हाळ्यात जमलेली कृती पावसाळा लागताच बिघडली, असं प्रश्नात लिहिलंय. ओट्स, कॉर्नफ्लेक्स, काजू, मध ही तुमची यादीही वाचली. यात मध सोडला तर वावगं काही नाही. मी डिचोलीची, त्यामुळे पावसाळ्यातल्या ओलीबद्दल मला वेगळं सांगायला नको. इथे जूनपासून चवथीपर्यंत बंद बरणीतलं मीठसुद्धा पाझरतं.

मधात मुळातच १७-१८ टक्के पाणी असतं, वर तो हवेतली ओल ओढून घेतो. मार्च-एप्रिलमध्ये ते खपून जातं, जुलैत नाही. म्हणून मध बाजूला ठेवा आणि गुळाचा पाक करा. बार म्हणजे शेवटी मऊसर चिक्कीच. त्यात काय घातलं याला फारसं महत्त्व नाही, पाक कुठे थांबवला यावर सगळं ठरतं. चिकटले तर पाक कच्चा राहिला, दातांनी तुटेना झाले तर तो पुढे गेला. भुगा होतो तो बहुतेक वेळा पाक कमी पडल्यामुळे, किंवा मिश्रण गार झाल्यावर थापल्यामुळे.

साधारण २० सेंटिमीटरच्या चौकोनी थाळीला माझं प्रमाण असं: ओट्स एक कप, चुरमुरे दीड कप, भाजून सोललेल्या शेंगदाण्यांचं जाडसर कूट अर्धा कप, काजूचा तुकडा पाव कप, सुक्या खोबऱ्याचा कीस पाव कप, तीळ दोन चमचे. हे सगळं मिळून अडीचशे ग्रॅमच्या आसपास भरतं. त्याला किसलेला गूळ १७५ ग्रॅम, एक मोठा चमचा तूप, दोन चमचे पाणी, चिमूटभर मीठ आणि वेलची किंवा सुंठ. कॉर्नफ्लेक्स घालायचे तर चुरमुरे अर्धे करा आणि कॉर्नफ्लेक्स हाताने जरा मोडून घ्या. अख्खे राहिले तर कापताना तिथेच बार फुटतो. काजू अख्खे कशाला घेता, बाजारात तुकडा स्वस्त मिळतो आणि बारमध्ये तोच नीट बसतो. आपल्याकडे नारळ हाताशी असतो म्हणून ओलं खोबरं घालायचा मोह होतो. घालू नका, दुसऱ्या दिवशी वास येईल.

भाजण्यात घाई केलीत तर पुढचं सगळं फुकट. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, मंद आचेवर, कोरडाच. ओट्सना आठ-दहा मिनिटं लागतात. रंग फारसा बदलत नाही, पण खमंग वास सुटतो आणि चार दाणे तोंडात टाकले तर कुरकुरतात. चुरमुरे बोटांत दाबल्यावर चुरा झाला पाहिजे; दबून पुन्हा फुगले तर अजून ओल आहे. खोबरं आणि तीळ अगदी शेवटी, लगेच करपतात. भाजलेलं सगळं एका परातीत घालून कोमटच राहू द्या. गार मिश्रणात गरम पाक ओतला की तो जागच्या जागी गोठतो आणि सगळीकडे लागत नाही.

आता पाक. जाड बुडाच्या कढईत तूप, गूळ आणि पाणी घालून मध्यमपेक्षा कमी आचेवर ठेवा. गुळात कचरा वाटला तर वितळल्यावर गाळून घ्या. आधी तो पातळ असतो आणि मोठेमोठे बुडबुडे येऊन भसाभसा वर येतो. थोड्या वेळाने फेस दाट होतो, बुडबुडे लहान होतात, रंग गडद होतो आणि उकळण्याचा आवाज जड येऊ लागतो. इथून कढई सोडून हलायचं नाही. शेजारी वाटीत गार पाणी घ्या आणि त्यात पाकाचा एक थेंब टाका. पाण्यात पसरला तर कच्चा आहे. गोळा झाला पण बोटांत चपटा होऊन चिकटला तर अजून मिनिटभर लागेल. गोळी घट्ट झाली, दाबल्यावर जेमतेम दबली आणि आकार धरून राहिली, की गॅस बंद. हीच गोळी वाटीवर आपटल्यावर टण्ण वाजली तर तो चिक्कीचा पाक झाला. पावसाळ्यात मी या दोन्हींच्या मध्ये, टण्णच्या जरा अलीकडे थांबते. थर्मामीटर असेल तर एरवी १२० ते १२५ अंश सेल्सिअस, पावसात १३० पर्यंत. थेंब तपासताना कढई खाली उतरवून ठेवा, नाहीतर तुम्ही बोटं चोळत असता आणि तिकडे पाक पुढे निघून जातो. वाटीतलं पाणीही दरवेळी बदला, कोमट पाण्यात गोळी खोटं सांगते. आणि मुलीला या वेळी ओट्यापासून लांब ठेवा. पाक अंगावर उडाला तर चिकटून बसतो आणि उकळत्या पाण्यापेक्षा वाईट भाजतं.

गुळाविषयी थोडं. बाजारात चिक्कीचा गूळ वेगळा मिळतो, पावसाळ्यात तो घ्या, बार कडक राहतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळतो तो काळा माडाचा गूळ चवीला फार सुरेख. माडाच्या गोड रसापासून केलेला (त्या रसाला इथे सूर म्हणतात), किंचित खारट, धुरकट. पण तो मऊ असतो आणि पावसात त्याला पाणी सुटतं, म्हणून एकूण गुळाच्या पाव भागापेक्षा जास्त घालू नका. हिवाळ्यात निम्मा घातला तरी चालतो आणि सुंठीबरोबर तर खाज्यांची आठवण होईल अशी चव येते.

गॅस बंद केल्यावर मीठ, वेलची आणि भाजलेले जिन्नस कढईत घालून कालथ्याने भराभर हलवा. तूप लावलेल्या थाळीत ओता, वर बटर पेपर ठेवा आणि बुडाला तूप लावलेल्या वाटीने दाबा. वरवर थापटून भागत नाही, कोपऱ्यांपासून आत येत अंगाचा भार देऊन दाबायचं. थर बोटभर जाडीचा झाला पाहिजे. थाळीचं बूड हाताला कोमट लागेल तेव्हा सुरीने आरपार कापा. त्याआधी कापलं तर कडा ढासळतात, पूर्ण गार झाल्यावर कापलं तर बार वाटेल तिथून तडकतो. वेळ चुकली तर थाळी गरम तव्यावर अर्धा मिनिट ठेवा, पुन्हा कापता येईल.

व्हिडिओत मार्शमेलो घालतात, ते इथे चालेल का, हेही तुम्ही विचारलंय. ती पद्धत अमेरिकेतली. केलॉग्जमध्ये काम करणाऱ्या मिल्ड्रेड डे आणि मलिटा जेन्सन यांनी १९३९ मध्ये तांदळाचं सीरियल, लोणी आणि मार्शमेलो एकत्र करून तसे चौकोन केले होते. करायला सोपं आहे, पण मार्शमेलोत बहुतेक वेळा जिलेटिन असतं आणि ते प्राण्यांपासून काढतात. शाकाहारी घर असेल तर पाकीट वाचून घ्या. इथल्या उन्हात ते बार डब्यात लोळागोळा होतात, हा वेगळा त्रास. खजुराचे बार मात्र पाकाशिवाय होतात आणि चवीलाही छान लागतात. ते फ्रिजमध्येच ठेवावे लागतात, म्हणून घरी खायला बरे, डब्याला नाही.

गुळाचे म्हणून हे बार पौष्टिक, असं लोक फार म्हणतात. शेंगदाणे, तीळ, ओट्स यांपुरतं ते खरं. गूळ मात्र मुख्यतः साखरच. १७५ ग्रॅम गुळात १४ बार केले तर प्रत्येकात सुमारे १२ ग्रॅम, म्हणजे तीन लहान चमचे साखर होते. डब्यात एक पुरे. मुलीच्या वर्गात कुणाला शेंगदाण्याची किंवा काजूची ॲलर्जी नाही ना, हे बाईंना एकदा विचारून ठेवा. असेल तर त्याऐवजी भोपळ्याच्या आणि सूर्यफुलाच्या बिया भाजून घाला.

बार पूर्ण गार झाले की तिथेच, लगेच, एकेक बटर पेपरात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. थाळीत रात्रभर उघडे राहिले तर सकाळी चिकट झालेच म्हणून समजा. एरवी पंधरा दिवस आरामात राहतात, पावसात आठवड्याभरात संपवावेत. फ्रिजमध्ये ठेवत असाल तर डबा बाहेर काढल्या काढल्या उघडू नका. गार बारवर बाहेरच्या दमट हवेचं पाणी धरतं. अर्धा तास तसाच बंद ठेवा, मग उघडा. चिकट झालेले बार कोरड्या तव्यावर अगदी मंद आचेवर दोन्ही बाजूंनी गरम करून गार केले की बरेचसे सुधारतात. भुगा झालेले सुधारायच्या भानगडीत पडू नका, सकाळी दुधात किंवा दह्यावर घालून खा, मुलीला तेही आवडेल.