कोठीत गोळ्या टाकू नका, आणि कंपनीच्या कागदाआधी गटाची जवारी बघा

निलंगा तालुक्यातल्या एका महिला गटानं पाच प्रश्न वहीच्या कागदावर लिहून फोटो पाठवलाय. सतरा जणी आहेत, बहुतेकींची जमीन एक ते अडीच एकर. औसा, उमरगा इकडूनही गेल्या पंधरा दिवसात थोड्याफार फरकानं हेच प्रश्न आलेत म्हणून एकदाच सगळ्यांना उत्तर देतो. प्रश्न असे: गटानं एका खोलीत सामाईक धान्य कोठी केलीय, जवारीला सोंडे लागलेत, दुकानदारानं गोळ्या दिल्यात, किती टाकायच्या? तुरीची फुलं गळतायत, दुकानदारानं अख्ख्या गटासाठी एक किट काढून दिलंय, घ्यायचं का? पुढच्या साली सोयाबीनचं बी कुठून आणायचं? गटाची कंपनी करायची का? आणि एका बाईनं कोठीतली जवारी नेली ती अजून परत केली नाही, तिचं काय करायचं?

आधी कोठीचं, कारण त्यात जीव जाऊ शकतो.

किती गोळ्या टाकायच्या? एकही नाही. ती ॲल्युमिनियम फॉस्फाईडची गोळी आहे, हवेतल्या ओलाव्यानं तिचा गॅस होतो, तो गॅस भिंतीच्या फटीतून, पत्र्याच्या सांध्यातून शेजारच्या खोलीत जातो आणि तिथं झोपलेलं माणूस सकाळी उठत नाही. यावर उतारा नाही, डॉक्टरकडं पण नाही. ही गोळी साध्या गिऱ्हाईकाला विकायची परवानगीच नाही, ती फक्त सरकारी यंत्रणा आणि परवानाधारक धुरीकरणवाल्यांसाठी आहे, तरी चुरमुऱ्यासारखी विकतात आणि वर सांगतात "ताई, पोत्याला दोन टाका, तीन टाकल्या तरी काय होत नाही". होतं! तुमच्या कोठीच्या भिंतीला लागून लेकरांची अंगणवाडी भरते हे तुम्हीच त्या कागदावर लिहिलंय. डबी उघडली नसेल तर उघडू नका, विहिरीत टाकू नका, जाळू नका, आहे तशी दुकानात परत करा आणि तालुक्याला कृषी अधिकाऱ्याला सांगा. उघडून टाकली असेल तर आत शिरू नका, बाहेरनं जेवढी दारं खिडक्या उघडता येतील तेवढ्या उघडा, लगतच्या खोल्या रिकाम्या करा, आणि कुणाला मळमळ, धाप, चक्कर असं काही वाटलं तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ दवाखाना.

सोंडे लागलेल्या जवारीचं काम सोपं आहे पण अंगमेहनतीचं आहे. सगळी बाहेर काढा, कोठीपासून लांब ताडपत्रीवर पातळ पसरा, दोन-तीन दिवस कडक ऊन द्या, चाळा, चाळलेला कचरा जाळून टाका नाहीतर सोंडे संध्याकाळी चालत परत कोठीत येतात. तोवर खोलीच्या फटी बुजवा, चुना मारा. जुनी पोती उकळत्या पाण्यातनं काढून वाळवा, खाली फळ्या टाका, भिंतीपासून हातभर जागा सोडा. दाणा दाताखाली कट्ट वाजला पाहिजे तरच भरायचा, दबला तर अजून एक ऊन. आणि गटानं पैसे घालायचेच असतील तर हवाबंद पिशव्यात घाला, आत कोरडा दाणा आणि तोंड घट्ट बांधलेलं असलं की हवा संपून किडे आपोआप मरतात, औषध लागत नाही. तूर अख्खी ठेवू नका, खायची तूर लगेच भरडून डाळ करून ठेवा, भुंगा अख्ख्या दाण्यावर अंडी घालतो, डाळीला त्याचा त्रास फारच कमी. आपल्या आज्या हेच करत होत्या. बियाची तूर असेल तर किलोला पाच-सात मिली खायचं तेल चोळून ठेवा.

आता तूर. किटमध्ये काय आहे ते तुम्ही लिहून पाठवलं ते वाचून मला हसू पण आलं आणि राग पण. एक टॉनिक, एक "फुलगळ स्पेशल", दोन कीटकनाशकं, एक बुरशीनाशक, सगळं एका पंपात एकदम. ताई, तुरीची बहुतेक फुलं गळतातच. झाडाला जेवढी फुलं लागतात तेवढ्या शेंगा कधीच लागत नाहीत, खाली पिवळा सडा पडला म्हणून घाबरायचं नाही, झाडावर किती शेंगा धरल्या ते बघायचं. दुकानदार बरोबर त्या सड्याचा फोटो बघून औषध देतो. धुई पडली, जमिनीत पाणी तुंबलं तर जास्त गळ होते, त्याला पाणी बाहेर काढणं हा उपाय आहे, बाटली नाही.

शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी फवारायचं ते वेळ बघून. एकरी दोन कामगंध सापळे (वासानं नर पतंग ओढणारे) लावा, सापळ्यात सलग दोन-तीन दिवस आठ-दहा पतंग यायला लागले की फवारणीची वेळ झाली. त्याआधी फवारलं तर पैसे जमिनीत आणि वरनं मित्रकिडी पण मेल्या, अळी शेंगेत शिरल्यावर फवारलं तर तिला लागतच नाही. पहिली फवारणी फुलोऱ्यात ५ टक्के निंबोळी अर्काची. पाच किलो निंबोळी कुटून रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यानं गाळा, २०० ग्रॅम साबणाचा चुरा घालून शंभर लिटर पाणी करा. सतरा जणींनी उन्हाळ्यात निंबोळ्या गोळा केल्या असत्या तर फुकटात झालं असतं, पुढच्या जूनला विसरू नका, हे मी दर वर्षी सांगतो आणि दर वर्षी नोव्हेंबरात मला विचारतात निंबोळी कुठं मिळंल. त्यानंतरही अळी दिसलीच तर इमामेक्टीन बेंझोएट ५ एसजी १० लिटरला ४.४ ग्रॅम, किंवा क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल १८.५ एससी १० लिटरला ३ मिली. दोन्हीतलं एक. दोन्ही मिळून नाही. ४.४ चं दहा केलं म्हणून अळी दुप्पट मरत नाही. पंपाच्या झाकणानं मापू नका, मापाचं झाकण वेगळं ठेवा.

आणि मिसळू नका. परत सांगतो, मिसळू नका. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेत वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले, तिथंही वेगवेगळी औषधं एकत्र करणं, तोंडाला काही न बांधणं, डोक्याच्या वर गेलेल्या पिकात उलट्या वाऱ्यात फवारणं हेच सगळं होतं. तुमची तूर पण आता खांद्याला लागलीय. फवारणी करणारा बहुतेक वेळा रोजानं आलेला असतो, डोस दुकानदार ठरवतो, विष मजूर खातो.

इथं गटाबद्दल एक कडू बोलतो, माफ करा. मी पंधरा-वीस गट तरी असे बघितलेत की एकत्र यायचा पहिला उपयोग त्यांनी केला तो सामूहिक खरेदीचा, आणि सामूहिक खरेदी म्हणजे काय तर दुकानदारानं दहा टक्के सूट देऊन लागत नव्हतं ते सतरा घरात घातलं. आधी एकीला फसवायला एक फेरी लागायची, आता सतरा जणींना एकाच फेरीत. गटानं खरेदी जरूर करावी पण यादी तुमची पाहिजे, दुकानातनं आलेली नको. यादी घेऊन कृषी सहायकाकडं जा, केव्हीकेला (कृषी विज्ञान केंद्राला) दाखवा, मग दुकानात जा आणि पक्कं बिल मागा, बॅच नंबरसकट.

सोयाबीनचं बी तुमच्याच खळ्यावर आहे. सरळ वाण (संकरित नसलेलं) असल्यावर तीन वर्षं घरचं बी चालतं, दर साली नवी थैली लागत नाही, "घरचं उगवत नाय" ही अफवा कोण पसरवतं ते तुम्हाला कळतं. सतरा जणींचं एकेक एकर धरलं तर एकरी ३० किलोनं ५१० किलो, म्हणजे पाच-सव्वापाच क्विंटल बी लागतं, ज्या दोघी-तिघींचं सोयाबीन सारखं, बिनभेसळीचं आणि पावसात न भिजलेलं आहे त्यांच्याकडचं आत्ताच बाजूला काढा आणि त्यांना बाजारभावापेक्षा थोडं जास्त द्या, फुकट मागू नका. सोयाबीनचं टरफल नाजूक असतं, पोती आपटू नका, एकावर एक पाच-सहाच्या वर थप्पी नको, प्लास्टिकच्या पोत्यात नको. मे महिन्यात शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळा, ७० उगवले तर एकरी ३०, पुढं एकेक टक्का कमी झाला की अर्धा किलो वाढवा, ६० ला ३५ किलो होतात, त्याखाली ते बी खायला-विकायला, पेरायला नाही. पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडल्यावरच. पहिल्या सरीला तिफण घेऊन पळणारे मी रडताना बघितलेत.

कंपनीचं थोडक्यात. दहा शेतकऱ्यांवर उत्पादक कंपनी होते, पण केंद्राच्या दहा हजार एफपीओच्या (शेतकरी उत्पादक संस्थांच्या) योजनेला सपाट भागात किमान ३०० सभासद लागतात, तेव्हा सतरा जणींना ते आज लागूच नाही. जो एजंट "अठरा लाख मिळतात" म्हणून कागद मागतोय त्यानं हे सांगितलं नसणार, ते अठरा लाख पण तीन वर्षात व्यवस्थापन खर्चासाठी असतात, वाटून घ्यायला नसतात. तुम्ही कृषी खात्याच्या 'आत्मा' यंत्रणेकडं गट म्हणून नोंद करा, बँकेत खातं काढा, एवढं पुरे. डाळीची छोटी गिरणी घालायची असेल तर पीएमएफएमई या केंद्राच्या छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांच्या योजनेत, ती चालू असेल तर, ३५ टक्के अनुदान असतं, त्याचं नंतर बघू. सातबाऱ्यावर किती जणींचं नाव आहे ते मात्र आधी बघा, लक्ष्मी मुक्ती योजनेत बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं, तलाठ्याकडं अर्ज करायचा. नवरे कुरकुर करतील.

खरं काम जवारीचं आहे, आणि माझा सगळा जोर त्यावर आहे. शिवार अख्खं सोयाबीन झालंय, सोयाबीन विकून आपण पीठ आणतो. रेशनवर माणशी पाच किलो, पाच माणसांच्या घराला पंचवीस किलो, ते पण गहू-तांदूळ, डाळ नाही. राबणाऱ्या घराला महिन्याला चाळीस-पंचेचाळीस किलो धान्य लागतं हे तुम्ही मला शिकवायचं, मी तुम्हाला नाही. म्हणजे महिन्याला पंधरा-वीस किलोचा खड्डा, वर्षाला दोन-अडीच क्विंटलच्या आसपास. कोरडवाहू जवारी एकरी चार-पाच क्विंटल होते तेव्हा घरटी वीस गुंठे जवारी घातली की हा खड्डा बुजतो आणि कडबा वर. परभणी मोती, मालदांडी, फुले रेवती, जमिनीच्या खोलीप्रमाणे निवडा, बी एकरी चार किलो, वीस गुंठ्याला दोन किलो. औंदा पेरणीची वेळ निघून गेलीय, आता नादाला लागू नका, उशिराच्या जवारीला ओल पुरत नाही, पुढच्या सप्टेंबरची तयारी करा. बांधाला चार ओळी करडई.

हे काही माझ्या डोक्यातलं नाही. बिदरच्या पुढं जहीराबाद भागात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित बायकांच्या संघमांनी (गटांनी) नव्वदच्या दशकात हेच केलं, पडीक जमिनीला कर्ज दिलं आणि ते कर्ज पैशात नाही तर जवारीत फेडून घेतलं, ती जवारी गावच्याच कोठीत ठेवली, गावात सगळ्यात गरीब घर कोणतं हे गावानंच बसून ठरवलं आणि त्यांना स्वस्तात दिली. २०१९ ला त्यांना संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. आपल्याकडं लातूर-धाराशिवला स्वयम शिक्षण प्रयोगच्या बायकांनी घरच्या जमिनीतलं अर्धा-एक एकर स्वतःकडं मागून घेऊन आधी खायचं पिकवलं, त्यांना तोच पुरस्कार २०१६ ला मिळाला. त्यातल्या कुणाला भेटा, माझ्यापेक्षा नीट सांगतील, आणि कोणती चूक केली ते पण सांगतील.

राहिली ती न फेडलेली जवारी. तुम्ही लिहिलंय चाळीस किलो नेली होती, सवाईनं पन्नास परत द्यायची असं ठरलं होतं. सवाई कुणी ठरवली? सावकार जी सवाई घ्यायचा तीच गटानं लावली तर त्या बाईनं सावकार सोडून कोठीत कशाला यावं! तिची तूर उधळलीय असंही तुम्हीच लिहिलंय (तूर उधळण्याचं, म्हणजे उभी वाळण्याचं, कारण मर रोग, तिच्या रानात पुढची तीन साल तूर नको, घातलीच तर बीडीएन ७११ सारखं मर सहन करणारं वाण आणि ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीची बीजप्रक्रिया करून). तिच्याकडनं चाळीसला चव्वेचाळीस घ्या, वरचे चार किलो चाळणीत, उंदरात आणि मापात जातात तेवढेच. आणि ते या साली नाही, पुढच्या सुगीला. वहीत तिच्या नावापुढं तसं लिहा, सगळ्यांच्या सह्या-अंगठे घ्या, आणि कोठीची किल्ली दोघींकडं ठेवा, त्यातली एक ती स्वतः असली तर अजून बरं.